जावई तेंगानानचा

पत्र :

ताई, नमस्कार. माझी मुलगी वस्त्रकला शिकलेली. गुजरातेत पाटणला पटोळ्याचं काम शिकली. तिथून बालीतल्या तेंगानान गावी दुहेरी इकतचं विणकाम बघायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली म्हणायची. दोन वर्षं जा-ये चालू आहे. आता गावातल्याच वायन नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा गुणी आहे, आपल्यासारखाच हिंदू, घरची माणसं मायाळू. पण त्या गावात गावाबाहेर लग्न करायचं नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे. बाहेरची मुलगी केली तर तो गावाच्या मुख्य सभेत कधीच बसू शकणार नाही. त्याचे आईवडील हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. आमचे हे म्हणतात, 'हे सरळसरळ वाळीत टाकणं आहे, आपल्याकडे यावर कायदा झालाय. असल्या रूढी मोडल्याच पाहिजेत. आपली पोरगी निमित्त झाली तर उत्तमच.' लेक म्हणते, 'माझ्यामुळे त्यांची साखळी तुटेल,' आणि रात्रभर जागी असते. आम्ही जाऊन तिथल्या ज्येष्ठांना विनंती करावी का, की एवढ्या एका लग्नापुरता नियम सैल करा? बालीत मुलगी पळवून नेतात असं वाचलं, ते खरं का? आणि भेटायला जाताना काय न्यावं, तेही सांगा.
– एक आई, सांगली

उत्तर :

सांगलीच्या ताई,

पळवून नेण्याचं आधी उरकते, कारण ती काळजी फुकटची आहे. बालीत 'ङरोरोद' नावाची रीत आहे. मुलगा-मुलगी आपसात ठरवून निघून जातात, तिसऱ्याच कुणाच्या घरी राहतात, मग मुलाकडची माणसं मुलीच्या घरी निरोप घेऊन येतात आणि पुढचे विधी होतात. रीतसर मागणी घालून लग्न करण्याची पद्धतही आहेच. तबानान जिल्ह्यात मुलगा नसलेल्या घरी घरजावई आणतात. त्या घरात मुलगीच मुलाच्या जागी मानली जाते आणि सहसा कुणी जावयाला टोमणे मारत नाही (आपल्याकडे हा शब्द उच्चारला तरी लोक गालातल्या गालात हसतात). बांगली जिल्ह्यातल्या पङोतान गावात तर वर्षातून दोनदाच, सगळ्या जोडप्यांची एकत्र लग्नं लागतात. सांगायचा मुद्दा, बाली म्हणजे एकच एक चालरीत नव्हे. सातारा आणि सावंतवाडीच्या लग्नांत असेल त्याहून जास्त फरक तिथे दोन खोऱ्यांत सापडतो. आणि तेंगानान त्या सगळ्यांपेक्षा निराळं.

दहाएक वर्षांपूर्वी मी एक दिवस तिथे घालवला होता. पूर्व बालीत कारांगासेम जिल्ह्यात, चांदीदासाच्या समुद्रकिनाऱ्यापासून थोडं आत, डोंगरांच्या कुशीत हे गाव आहे. दगडांनी बांधलेला रुंद रस्ता पायऱ्या-पायऱ्यांनी उत्तरेकडे चढत जातो, दोन्ही बाजूंना एकसारख्या घरांची रांग, मधेच निवांत फिरणारी म्हैस. एका घराच्या पडवीत एक बाई मागाचा पट्टा कमरेला बांधून विणत बसली होती. चार धागे टाकले की थांबायची, ताणा सैल करायची, आणि टोकदार काडीनं एकेक धागा ढकलून उभ्या धाग्यावरचा लाल ठिपका आडव्या धाग्यावरच्या लाल ठिपक्याशी नेमका जुळवायची. मी पंधरा मिनिटं उभी होते. तेवढ्यात बोटभरही कापड पुढे सरकलं नाही.

हेच ते गरिंगसिंग, तुमच्या लेकीला तिकडे ओढून नेणारं. 'गरिंग' म्हणजे आजार, 'सिंग' म्हणजे नाही. आजार दूर ठेवणारं कापड. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून, रंगवून मग विणायचे, ही दुहेरी इकतची कला जगात आपला भारत, जपान आणि हे गाव अशा मोजक्याच ठिकाणी टिकली. लाल रंग येतो आपण ज्याला बारतोंडी किंवा आल म्हणतो त्या झाडाच्या मुळांच्या सालीतून, तोही नुसा पनीदा बेटावरून आणलेल्या. एक कापड पुरं व्हायला वर्षं लागतात. या कापडाबद्दल एक गोष्ट पुढे सांगायची आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

आता नियमाकडे येऊ. तुमच्या यजमानांनी त्याला 'वाळीत टाकणं' म्हटलं. मी या शब्दाशी फार जवळून परिचित आहे.

माझं माहेर कोकणातलं. गावाचं नाव सांगत नाही. माझ्या चुलतभावानं जातीबाहेर लग्न केलं आणि गावकीनं ठराव केला. शिमग्याची पालखी घरोघर फिरते, ती आमच्या काकांच्या खळ्यात तीन वर्षं थांबली नाही. दारावरून ढोल वाजत पुढे जायचे. काकूनं पहिल्या वर्षी ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. दुकानदार मीठ द्यायचा, पण बोलायचा नाही. मयताला चार माणसं मिळायची पंचाईत. हे वाळीत टाकणं. याच्याविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद ठेवली, आणि तो आधीच व्हायला हवा होता असं माझं मत आहे.

तेंगानानमध्ये काय होतं ते याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे गावाची जी मुख्य सभा आहे तिला 'क्रामा देसा' म्हणतात. आपलेच दोन शब्द, क्रम आणि देश. तिचा सभासद एकटा पुरुष नसतो, जोडपं असतं. नवरा-बायको दोघंही जन्मानं त्याच गावचे हवेत. लग्न झालं की जोडपं अगदी खालच्या जागेवर येऊन बसतं आणि नव्या जोड्या आत येतील तसं वर सरकत जातं. वयाला मान नाही, लग्न कधी लागलं त्याला मान. पुढची पिढी लग्न करून आत आली की आधीच्यांनी जागा सोडायची. जोडीदार गेला तर उरलेल्यालाही जागा सोडावी लागते, मग तो कितीही जुना आणि कितीही मानाचा असो. हे वाचून मला चरचरलं होतं. पण एक गोष्ट त्यातून कळते : तुमच्या मुलीचा परकेपणा खुपतोय म्हणून हा नियम नाही. जो कोणी त्या 'जोडी'च्या मापात बसत नाही, त्याला ती जागा नाही. सख्ख्या गाववाल्या विधुरालाही नाही.

आणि ती जागा नुसती मानाची नसते. गावाची जमीन नऊशे हेक्टरच्या वर आहे आणि तिचा मोठा भाग सामाईक. गावकरी स्वतः सहसा नांगर धरत नाहीत, आजूबाजूच्या गावचे लोक वाट्यानं कसतात. सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला हिस्सा सभेच्या सभासदांना मिळतो. गोव्यातली गांवकारी, म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक मालकी, आणि गांवकारांचा जोन, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, तुम्हाला माहीत असेल तर ही कल्पना फार लांबची वाटणार नाही. फरक एवढाच की गोव्यात हक्क बापाकडून मुलाकडे जात आला, इथे तो जोडप्याकडे असतो.

नियम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. गावात तीन बंजार, म्हणजे आळ्या, आहेत. पूर्वेकडच्या बंजार पांदेमध्ये नियम मोडलेल्यांची आणि बाहेरून आलेल्यांची वस्ती होत आली. एकाच गावात आळी बदलणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण पाणी, मीठ, मयत बंद करणं आणि एका सभेचं सभासदत्व न मिळणं, या दोन्हींना एकच शब्द लावला तर माझ्या काकूवर काय गुदरलं ते सांगायला मला शब्द उरत नाही. तेव्हा तुमच्या यजमानांना सांगा, तिथे पोचल्यावर हा शब्द तोंडातून काढू नका. आणि कायद्याचा हवाला तर मुळीच देऊ नका, महाराष्ट्राचा कायदा विमानातून उतरत नाही.

'असल्या रूढी मोडल्याच पाहिजेत' या त्यांच्या वाक्याशी मी निम्मी सहमत आहे. कुणी कुणावर प्रेम करावं हे गावानं ठरवावं, हे मला पटत नाही. कधीच पटणार नाही. पण त्याच गावात मुलगा आणि मुलगी दोघांना वारसा सारखा मिळत आलाय. आपल्या महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क १९९४ साली दिला, देशभर तो २००५ ला आला. बाकी बालीत, जिथे हक्क पुरुषाच्या बाजूनं चालतो, तिथल्या पारंपरिक गावांच्या मंडळानं २०१० साली मुलींना वाटा देण्याचा निर्णय घेतला, तोही मुलाच्या निम्मा. म्हणजे ज्या जुन्या गावाला आपण सुधारायला निघालोय, ते या एका बाबतीत आपल्या पुढे होतं. आणि तिथून थोड्या अंतरावरच्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग लागली असताना याच गावाची जमीन गावाकडे कशी राहिली, याचं उत्तर त्या लग्नाच्या नियमापासून वेगळं काढता येत नाही. हक्क जोडप्याचा, जोडपं गावातलं, म्हणून जमीन बाहेर जायला वाटच नाही. दोन्ही एकाच धाग्यानं विणलंय. मला ते आवडत नाही, पण कळतं.

जमीन कशी मिळाली याची त्यांची कथा तुमच्या यजमानांना नक्की आवडेल. बेडाहुलुच्या राजाचा घोडा हरवला. घोड्याचं नाव ओन्चेस्रावा. हो, समुद्रमंथनातून निघालेला आपला उच्चैःश्रवा! शोधायला गेलेल्या या गावच्या पूर्वजांना तो मेलेला सापडला. राजानं बक्षीस दिलं : घोड्याच्या कलेवराचा वास जिथवर येईल तिथवरची जमीन तुमची. राजाचा माणूस वास घेत चालू लागला, गावचा म्होरक्या बरोबर. चालता चालता डोंगर आले तरी वास काही संपेना, कारण म्होरक्यानं सडक्या मांसाचा तुकडा कपड्यात लपवला होता. गावाला आपल्या पूर्वजांच्या या लबाडीची लाज नाही. आसपासच्या शिळांना घोड्याच्या अवयवांची नावंसुद्धा आहेत. असं गाव भोळं असतं आणि 'आपल्याला कायदा कळतो, त्यांना कळत नाही' असं समजून जाऊ नका.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे. ज्येष्ठांकडे विनंती घेऊन जाऊ नका. १८४१ साली गावाला आग लागली आणि त्यांचे लिखित नियम, ज्यांना ते अविग-अविग म्हणतात, जळून गेले. पुढच्या वर्षी क्लुंगकुंगच्या राजाची परवानगी घेऊन त्यांनी ते पुन्हा लिहून काढले. १९३३ साली कॉर्न नावाच्या डच अभ्यासकानं या गावावर पुस्तक लिहिलं, त्याला हे गाव म्हणजे एक छोटं गणराज्य वाटलं. एकदा जळालेला नियम ज्यांनी स्वतः पुन्हा लिहिला, त्यांना तो बदलताही येतो. पण बदलला तर ते बदलतील, सांगलीहून आलेल्या व्याह्यांनी विनवणी केली म्हणून नव्हे. आणि समजा, तुमच्या आर्जवानं अपवाद केलाच, तर तुमची लेक जन्मभर 'अपवाद' म्हणून त्या रस्त्यावरून चालेल. प्रत्येक पुढच्या भांडणात तिचं नाव निघेल.

आता लेकीच्या 'माझ्यामुळे साखळी तुटेल' याबद्दल. तिला थोडं रागवायची परवानगी मला द्या. तिच्या आधीही गावातली मुलं-मुली बाहेर लग्न करून निघून गेली आहेत आणि साखळी आहे तिथेच आहे. तो नियम टिकला तोच मुळी असा, की जो जातो त्याला अडवायचं नाही, पण जागाही राखून ठेवायची नाही. तिच्या एकटीच्या लग्नानं गाव बुडण्याइतकी ती मोठी नाही. हे तिला प्रेमानं पण असंच सांगा.

खरी गोष्ट निराळीच आहे आणि तुमच्या पूर्ण पत्रात तिच्याबद्दल एक ओळ नाही. वायन काय म्हणतो?

तुम्ही, यजमान, लेक, त्याचे आईवडील, सगळ्यांचं मत कळलं. ज्याची जागा जाणार आहे त्याचं नाही. माझ्या चुलतभावालाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. तो मुंबईत होता, नोकरी होती, 'गावकीची पर्वा कुणाला' म्हणायचा, आणि खरंच म्हणायचा. चौथ्या वर्षी पालखी पुन्हा खळ्यात आली तेव्हा हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस खांबाला धरून लहान मुलासारखा रडला. आपण काय गमावलं होतं हे त्याला परत मिळाल्यावर कळलं. मधली सगळी वर्षं त्याचा राग बायकोवर निघायचा, आणि का निघतोय हे दोघांनाही कळत नव्हतं.

वायनचं तसं होऊ नये. तो तिथे वाढलाय. पोरगेलेपणी तो तिथल्या 'तरुना' म्हणजे तरुण मुलांच्या गटात दाखल झाला असेल, त्याच्या बहिणी 'दाहा' म्हणजे कुमारिकांच्या गटात. उसाबा सांबाहच्या उत्सवात, साधारण जूनच्या सुमारास, तो उघड्या अंगानं केवड्यासारख्या काटेरी पातींचा जुडगा घेऊन मित्रांशी झुंजला असेल. मकारे-कारे म्हणतात त्याला, इंद्रासाठीची लढाई. पाठीवरच्या ओरखड्यांना हळदीचा झोंबणारा लेप लावून नंतर सगळे एकत्र जेवतात. त्याच्याबरोबर झुंजलेले मित्र आता एकेक करून लग्न करतील, सभेत खालच्या जागेवर बसतील, वर सरकत जातील. तो बाहेरून बघेल. बघवेल का त्याला? 'मला काही फरक पडत नाही' असं तो पटकन म्हणाला तर माझ्या मते ते वाईट लक्षण आहे. 'फरक पडेल, वाईट वाटेल, तरी मला हिच्याशीच लग्न करायचंय' असं थांबत थांबत म्हणाला, तर मी म्हणेन, ताई, अक्षता तयार ठेवा.

हे संभाषण त्या दोघांनी करायचं आहे, तुम्ही तिथे बसायचं नाही. पण लेकीला ठराविक प्रश्न द्या, म्हणजे ते नुसतं हळहळण्यात जाणार नाही. लग्नानंतर आपण राहणार कुठे, गावात की बाहेर? गावात तर कोणत्या बंजारमध्ये? कोणत्या देवळात, कोणत्या सणाला आपण दोघं जाऊ शकतो आणि कुठे मी दाराबाहेर थांबायचं? आपल्या मुलांचं स्थान काय? घरच्या मागावर मला बसता येईल का? शेवटचा प्रश्न तुमच्या लेकीच्या दृष्टीनं लहान नाही. ज्या कापडासाठी ती गेली त्याच्यापासूनच लग्नामुळे दूर होणार असेल, तर ते आज कळलेलं बरं. त्याच्या आईवडिलांचं मौनही नकार समजू नका. ज्यांच्या पोराची जागा जाणार, ते 'हो' कोणत्या तोंडानं म्हणतील? आणि ज्यांना ती पोरगी आवडलीय ते 'नाही' तरी कसं म्हणतील?

कागदपत्रांचं थोडक्यात. इंडोनेशियाच्या १९७४ च्या कायद्यानुसार लग्न आधी धर्माच्या रीतीनं लागावं लागतं, मग सरकारी नोंद. दोघंही हिंदू असल्यानं तिथे अडचण यायचं कारण नाही. मात्र एक गोष्ट बहुतेक परदेशी सुनांना उशिरा कळते : संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार केला नसेल तर परदेशी व्यक्तीशी लग्न केलेल्या इंडोनेशियन माणसालासुद्धा पूर्ण मालकीची जमीन घेताना अडतं. आधीच एक जागा जाणार, त्यात ही भर नको. २०१६ च्या तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर हा करार लग्नानंतरही करता येतो, पण तुम्ही आधीच, तिथल्या नोटरीकडून करून घ्या. आणि लेकीनं पासपोर्ट बदलण्याची घाई करू नये. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, इंडोनेशियाही सज्ञान माणसाला देत नाही.

आता कापडाची ती राहिलेली गोष्ट. गरिंगसिंगमध्ये लाल असतो, पिवळट असतो आणि काळपट छटा असते. ती काळपट छटा निळीवर लाल चढवून येते. आणि निळीत बुडवायचं काम तेंगानान स्वतः करत नाही. ते सूत शेजारच्या बुगबुग गावात जातं, तिथून निळं होऊन परत येतं, आणि मग पुढचं सगळं गावात. बाहेरचा हात लागल्याशिवाय त्यांचं सगळ्यात पवित्र कापड पुरं होत नाही, आणि त्यांना ते ठाऊक आहे. लेक रात्री जागी असेल तेव्हा तिला हे सांगा. तिला बहुतेक माहीतच असेल, पण आईकडून ऐकलेलं वेगळं लागतं.

भेटायला जाताना पैठणी न्या. रंग तुमच्या आवडीचा घ्या. त्यांना गरिंगसिंग मागू नका, सहज कौतुक करतानाही 'असं एक आम्हाला हवं' असं निघून जातं तोंडातून, ते सांभाळा. आणि पैठणी डब्यात घालून हातात देऊ नका, घडी उकलून दाखवा. वायनच्या आई विणणाऱ्या असतील तर त्या आधी पदर उलटा करून मागची बाजू बघतील. बघू द्या, घाई करू नका.